मागच्या साइड काचेला कंपनीचा रंग कसा जुळवायचा: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन भुसावळहून येवो, चाळीसगावहून येवो की शहाद्याहून, मागच्या साइड काचेबद्दल लोक विचारतात ते जवळपास तेच. पुढची काच बदलताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. मागच्या दरवाजाची काच मात्र ‘बसव रे कुठलीही’ म्हणून बसते आणि गाडी धुऊन उन्हात लावली की एक बाजू हिरवट, दुसरी पांढरी दिसते. प्रश्न ज्या शब्दांत येतात, साधारण त्याच शब्दांत खाली ठेवले आहेत. एकीकडचं उत्तर दुसरीकडे लागू पडत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कंपनीचा टिंट म्हणजे नक्की काय? आतून फिल्म लावलेली असते का?

नाही. कंपनीतून आलेल्या काचेचा रंग काचेतच असतो. कळण्याच्या भाकरीत उडीद पिठातच दळलेला असतो, वरून लावलेला नसतो, तसं. काच वितळवतानाच तिच्यात लोहाचे ऑक्साइड घालतात, त्याने हिरवी झाक येते. राखाडी किंवा काळपट रंग हवा असेल तर कोबाल्ट, सेलेनियम यांचं प्रमाण ठरवून घालतात. म्हणून हा रंग सोलत नाही, त्याला बुडबुडे येत नाहीत आणि दहा वर्षं उन्हात राहूनही तो जांभळा पडत नाही. जांभळी पडलेली दिसली की ती फिल्म समजायची.

ओळखायला सोपं आहे. काच अर्धी खाली करा आणि वरची कडा बघा. रंग कडेपर्यंत, जाडीभर दिसला तर तो काचेचा. कडेच्या एक-दोन मिलिमीटर आधी एक बारीक रेघ थांबलेली दिसली किंवा आतल्या बाजूने नखाला पापुद्रा लागला तर फिल्म.

२. माझ्या गाडीला टिंट नाहीच, काच पांढरी आहे. मग कुठलीही चालेल ना?

बहुतेक वेळा ती पांढरी नसतेच. गाडीत बसून बघितलं की डोळा सरावतो आणि हिरवी काचही पांढरी वाटते. एक कोरा पांढरा कागद घ्या, अर्धा काचेमागे धरा, अर्धा उघड्यावर ठेवा. काचेमागचा कागद हिरवट किंवा निळसर दिसला तर तुमच्याकडे ‘ग्रीन काच’ आहे. आपल्याकडच्या अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना हीच येते. ती शोभेची नाही. लोहामुळे ही काच उन्हातली उष्णता बऱ्यापैकी शोषते, अतिनील किरणही जास्त अडवते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की मागे बसलेल्या लेकराच्या दंडाला प्लेन काच आणि ग्रीन काच यांतला फरक कळतो.

३. मागची साइड काच म्हणजे नेमकी कोणती?

तीन वेगळ्या काचांना लोक हे एकच नाव देतात, आणि फोनवरचा निम्मा गोंधळ तिथेच होतो.

एक, मागच्या दरवाजाची वर-खाली होणारी काच. दोन, त्याच दरवाजातली न हलणारी छोटी तिकोनी काच, जिला क्वार्टर म्हणतात. तीन, दरवाजाच्या मागे बॉडीलाच चिकटवलेली काच, जी सात-आठ सीटच्या गाड्यांत मोठी असते. तिलाही काही जण क्वार्टरच म्हणतात. ऑर्डर देताना ‘ड्रायव्हर साइड’ की ‘क्लीनर साइड’, आणि ‘वर-खाली होणारी’ की ‘फिक्स’ एवढं सांगितलं की पुढचा घोळ टळतो. या तिघींचा रंग एकच असेल असंही नाही. दरवाजाची हिरवी आणि बॉडीची जरा गडद असलेल्या गाड्या आहेत.

४. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं छापलेली असतात, ती कशी वाचायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. दुकानात त्याला ‘लोगो’ किंवा ‘मोनो’ म्हणतात. ‘गडद’, ‘फिक्कट’ ही माणसाची भाषा झाली, काचेची भाषा त्या कोपऱ्यात आहे.

सगळ्यात वर बहुतेक गाडीच्या कंपनीचं चिन्ह, खाली काच बनवणाऱ्याचं: आसाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट, फुयाओ वगैरे. मग आयएसआय मार्क, त्याच्याजवळ आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून परवाना खरा आहे का, कोणाचा आहे, हे घरबसल्या बघता येतं. टफन्ड किंवा टेम्पर्ड (म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच) असा शब्द असतो. लॅमिनेटेड लिहिलं असेल तर थांबा आणि प्रश्न २१ वाचा.

काही काचांवर गोलात ई आणि आकडा असतो, जवळ ४३ आर. ही युरोपीय नियमाची खूण आहे. गोलातला आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा आहे, रंगाचा नाही. रंगासाठी बघायचं ते रोमन पाच, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण. ती असेल तर ही काच ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडते. अमेरिकी पद्धतीच्या खुणांत एएस २ म्हणजे ७० टक्के किंवा जास्त, एएस ३ म्हणजे त्याहून कमी प्रकाश सोडणारी असू शकते. फुटलेल्या काचेच्या जोडीला एएस ३ आहे आणि दुकानदार एएस २ देतोय, तर रंग जुळणार नाही हे डबा न उघडता सांगता येतं.

शेवटी एखादा आकडा आणि काही ठिपके असतात, ती तारखेची खूण. बऱ्याचदा आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि ठिपके महिना सांगतात, पण ठिपके मोजायची पद्धत बनवणाऱ्यागणिक वेगळी. इथे तारीख काढत बसू नका. गाडीच्या सगळ्या काचांवरचा आकडा एकमेकांशी जुळतो का एवढंच बघा. एखादीचाच वेगळा असेल तर ती आधी बदललेली आहे, आणि रंग जुळवायला नमुना म्हणून ती धरायची नाही.

५. दुकानदाराला काय सांगू, ‘लाइट ग्रीन’ की ‘डार्क ग्रीन’?

दोन्ही नको. एका दुकानातलं डार्क ग्रीन दुसऱ्या दुकानात नुसतं ग्रीन असतं. आरसी बुकवरचा चेसिस नंबर द्या. शोरूमच्या पार्ट काउंटरवर तो टाकला की त्या गाडीला, त्या व्हेरियंटला, त्या महिन्यात लागलेल्या काचेचा पार्ट नंबर निघतो. रंग त्या नंबरातच ठरलेला असतो. सोबत दोन फोटो पाठवा: समोरच्या बाजूच्या सख्ख्या जोडीच्या काचेचा मोनो आणि त्याच काचेमागे पांढरा कागद धरलेला. पहिला महत्त्वाचा. दुसऱ्याच्या रंगावर फार विसंबू नका, मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मर्जीने ठरवतो.

६. एकाच मॉडेलमध्ये बेस आणि टॉपच्या काचांचा रंग वेगळा का?

कारण कंपन्या टॉप व्हेरियंटला ऊन अडवणारी काच देतात आणि ब्रोशरमध्ये त्याचं वेगळं नाव छापतात. आकार तोच, भोकं तीच, म्हणून एकीची दुसरीत चपखल बसते. फिटिंग बसलं म्हणजे काच बरोबर, असं इथे चालत नाही. फेसलिफ्ट झालेल्या, म्हणजे त्याच मॉडेलचं रूप बदलून आणलेल्या गाड्यांचंही तसंच: दरवाजा जुनाच, काच पुरवणारा बदललेला.

७. काच ताब्यात घेताना रंग जुळतो का, हे कसं बघायचं?

बसवण्याआधी बघायचं, हे पहिलं. बसवल्यावर बघितलं तर वाद, मजुरी आणि दरवाजाचं पॅड परत उघडणं.

नवी काच हातात घेऊन सावलीत उभे राहा. झाडाखाली नको, पानांचा हिरवा काचेत उतरतो. इमारतीच्या उत्तरेकडची सावली उत्तम. खाली पांढरा कागद किंवा पांढरा रुमाल पसरा. समोरच्या बाजूची जोडीची काच अर्धी उघडून आधी दोन्हीकडून पुसा. तिच्या आत कागद धरा आणि नवी काच शेजारी, त्याच कोनात, तसाच कागद मागे ठेवून धरा. आता दोन कागदांची तुलना करा, दोन काचांची नाही. मग दोन्हींच्या कडा बघा. कडेतून प्रकाशाला लांबवर काचेतून जावं लागतं, त्यामुळे तिथे रंग दाट दिसतो आणि हिरवा, निळा, राखाडी यांतला फरक पटकन कळतो.

जाडीही बघा. रंग काचेच्या अंगात असल्याने तीच काच ४ मिलिमीटरची असेल तर ३.१५ मिलिमीटरवाल्यापेक्षा गडद दिसते. कमी जाडीची काच लावून ‘जरा फिक्कट आली’ म्हणणारे भेटतात. रंग फिका नसतो, काच बारीक असते. जाडी मोजायचं व्हर्नियर नसेल तर दोन्ही कडांवर नख फिरवून अंदाज येतो.

एक चूक सर्रास होते, ती म्हणजे नवी मागची काच पुढच्या दरवाजाच्या काचेशी ताडून बघणं. पुढची आणि मागची मुळातच वेगळ्या असू शकतात. नमुना म्हणजे समोरच्या बाजूची तीच काच, दुसरी कुठलीही नाही.

८. “काच नवी शे, पन जोडीले जुळत नही. आते काय करानं?”

आधी गाडी उन्हातून हलवा आणि दोन्ही बाजू सारख्या उजेडात बघा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान असेल तर सारख्या काचाही वेगळ्या दिसतात. दोन्ही काचा पूर्ण वर करून, दरवाजे लावून, दहा पावलांवरून बघा. मागे एका बाजूला काळी बॅग आणि दुसऱ्या बाजूला उघडी सीट असेल तरी फसगत होते.

एवढं करूनही फरक दिसला तर मोनो जुळवा. मोनो सारखा आणि फरक किंचित असेल तर तो बॅचचा फरक आहे. काचेच्या दोन बॅच अगदी तंतोतंत येत नाहीत आणि एकाच गाडीला कंपनी दोन-दोन ठिकाणांहून काच घेते. तो सोडून द्या. मोनो वेगळा आणि फरक पाहुण्याच्याही लक्षात येतो एवढा असेल, तर काच चुकीची आलेली आहे. ती बदलून मागा, त्यासाठी बिलावर पार्ट नंबर लिहून घेतलेला असावा.

९. शोरूमची, ओईएम आणि लोकल यांत रंगाचा फरक पडतो का?

शोरूमची आणि ओईएमची (म्हणजे गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याची) काच बहुतेक एकाच भट्टीतली. एकीवर गाडीच्या कंपनीचं चिन्ह असतं, दुसरीवर नुसतं काच बनवणाऱ्याचं. रंग सारखा, किंमत कमी. माझं मत विचाराल तर साइड काचेला हाच सौदा बरा.

लोकल काचेत सगळीच वाईट नसते, पण तिथे रंगाचे फक्त दोनच प्रकार असतात: प्लेन आणि ग्रीन. तुमच्या गाडीचा रंग त्यांच्या मधला असेल तर तिसरा प्रकार नाही. आयएसआय मार्क नसलेली काच रंग जुळला तरी घेऊ नका.

१०. भंगारातून त्याच गाडीची काच काढून आणली तर?

रंगाच्या बाबतीत हा पर्याय कधीकधी नव्या काचेपेक्षा सरस ठरतो, विशेषतः बंद पडलेल्या मॉडेलला. त्याच वर्षाची, त्याच बनवणाऱ्याची काच मिळाली की जोड लागते. जळगाव-धुळ्यात नाही मिळाली तर लोक नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत, इंदूर इथून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवतात.

घेताना पृष्ठभागापेक्षा कडा बघा. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दणकट आणि कडा नाजूक असते. कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला असला तरी ती काच खड्ड्यात किंवा दार आपटताना एकदम भुगा होऊ शकते. फरशीवर कोपऱ्यावर उभी करायची नाही, खाली पुठ्ठा किंवा गोणपाट हवं. पार्सल करताना चारही कोपऱ्यांना थर्माकोल बांधायला सांगा. नुसतं वर्तमानपत्र गुंडाळून पाठवलेली काच एरंडोलपर्यंतही पोचायची नाही.

आणि ‘थोडी मोठी आहे, घासून बसवतो’ म्हणणाऱ्याकडे काच ठेवून निघा. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, घासूनही छोटी करता येत नाही.

११. प्लेन काच स्वस्तात मिळते. तिच्यावर फिल्म लावून रंग जुळवला तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर: नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केलं की काचेवर काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचंच नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो. कंपनीने काचेतच रंग घालून ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळली तर ते चालतं. म्हणजे तुमच्या गाडीच्या तीन काचा कायदेशीर आणि फिल्म लावून त्यांच्यासारखी केलेली चौथी बेकायदेशीर, असा प्रकार होतो.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतो. फिल्मचे आणि काचेचे टक्के वजा होत नाहीत, गुणले जातात. ७५ टक्केवाल्या ग्रीन काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली की राहतात साडेबावन्न. तीच ५० ची लावली तर साडेसदतीस, म्हणजे नियमाच्या बरीच खाली. शिवाय रंग जुळतही नाही. काचेचा हिरवा जाडीभर असतो, फिल्मचा आतल्या पापुद्र्यात. समोरून सारखा वाटला तरी तिरकं बघितलं की फिल्म चकाकते. प्लेन काचेत वाचलेले पैसे फिल्ममध्ये जातात.

१२. पण केरळच्या कोर्टाने फिल्मला परवानगी दिली ना?

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियम १०० च्या सुधारणेचा आधार घेऊन, मानकात बसणाऱ्या आणि ७०/५० ची अट पाळणाऱ्या सेफ्टी ग्लेझिंगवर (आतून प्लास्टिकचा थर लावलेली काचही त्यात धरतात) कारवाई करता येणार नाही असं म्हटलं. तो निकाल त्या राज्यातला. नवापूरच्या नाक्यावर किंवा जळगावच्या आकाशवाणी चौकात उभ्या पोलिसाला तो वाचून दाखवायची तयारी असेल तर तुमची मर्जी. रंग जुळवायला एवढा खटाटोप करण्यापेक्षा योग्य पार्ट नंबरची काच परवडते.

१३. जुन्या मालकाने चारही काचांना फिल्म लावली आहे. एक फुटली. आता नव्या काचेला तशीच लावायची का?

ही संधी समजा आणि उरलेल्या तिन्हींची काढून टाका. फिल्मखालची मूळ काच कोणती, हे तोपर्यंत कोणालाच माहीत नसतं, म्हणून काढल्याशिवाय नवी ऑर्डर करू नका. उन्हात गाडी तापवून, साबणाच्या पाण्याचा फवारा मारत, कोपऱ्यातून सावकाश सोललं की फिल्म निघते. उरलेला डिंक प्लास्टिकच्या पात्याने काढा. डिकीच्या काचेची फिल्म मात्र जाणत्याकडूनच काढून घ्या, आतल्या डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) रेघा सोबत निघून येतात.

१४. परदेशी व्हिडिओंत मागच्या काचा काळ्याभोर असतात आणि तीही कंपनीचीच म्हणतात. तशी ऑनलाइन मागवू का?

तिथे ती खरंच कंपनीची असते. अमेरिकेत एसयूव्हीच्या मागच्या बाजूच्या काचा २० टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडणाऱ्या येतात, तिथला कायदा ड्रायव्हरच्या मागच्या काचांना ती मोकळीक देतो. आपल्याकडे मागच्या साइड काचेलाही ५० टक्क्यांची अट आहे. त्यामुळे त्या व्हिडिओंतला ‘प्लेन काच घ्या आणि अमुक टक्क्यांची फिल्म लावा’ हा सल्लाही इथे गैरलागू. काचेवर परदेशी मान्यतेच्या चार खुणा असल्या तरी इथल्या नियमाला त्या पुरत नाहीत.

१५. जुनी जीप आहे, काच सपाट आहे. खिडक्यांच्या काचवाल्याकडून कापून घेतली तर काय बिघडतं?

जीव जाऊ शकतो, एवढंच. काळी-पिवळ्यांत अजून हे दिसतं. घराच्या खिडकीची काच फुटली की सुरीसारख्या लांब फाका होतात. टफन्ड काचेचे बोथट दाणे होतात. सपाट काच मापाने कापून मग टफन करून देणारे कारखाने आहेत, क्रम तो हवा: आधी कापणं, मग भट्टी. कोपऱ्यात मोनो नाही आणि कडा हाताला धारदार लागते, तर ती साधी काच आहे. तिचा रंग कितीही जुळो.

१६. दरवाजाची काच बसवताना आम्ही काय लक्ष ठेवायचं?

फुटलेल्या काचेचे दाणे. मिस्त्री सीटवरचे झाडतो, दरवाजाच्या पोटातले बरेचदा तसेच राहतात. पॅड उघडल्यावर व्हॅक्यूम लावायला सांगा आणि दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का बघा. ती दाण्यांनी बुजली की पावसाळ्यात पाणी साठून दरवाजा आतून गंजतो.

त्याहून महत्त्वाची काचेला लागून असलेली बाहेरची काळी पट्टी. तिच्या मखमली बाजूत साखरेएवढे कण रुतून बसतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. नवी काच चार-सहा वेळा वर-खाली झाली की त्यावर उभ्या रेघा उमटतात, त्या पुढे जात नाहीत. पट्टीवर चिकटपट्टी दाबून दाबून उचलायची, मग बोट फिरवून बघायचं. बोटाला एकही कण लागला तर पट्टीच बदला, तिची किंमत काचेपुढे काहीच नाही.

पॉवर विंडो असेल तर काच बसल्यावर ऑटो बटण नीट चालतं का तपासा. काही गाड्यांत ते पुन्हा शिकवावं लागतं, रीत मॅन्युअलमध्ये असते.

१७. बॉडीला चिकटवलेली काच आहे. मे महिन्यात किती वेळ गाडी उभी ठेवावी लागेल?

‘इतकं ऊन आहे, तासात सुकेल’ हा समज उलटा आहे. ही काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या चिकटवणाने चिकटवतात आणि पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, उन्हाने नाही. ट्यूबवर लिहिलेला वेळ साधारण २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरून असतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा भट्टीसारखी आणि कोरडी ठणठणीत, त्यामुळे वरचा थर आवळतो आणि आतला मऊ राहतो. पावसाळ्यात तोच पीयू लवकर पकडतो.

म्हणून काम सकाळी लवकर, सावलीत करून घ्या. तापलेल्या पत्र्यावर प्रायमर लावायचा नाही. रात्रभर गाडी हलवू नका आणि पहिले एक-दोन दिवस दार लावताना एखादी काच थोडी उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते.

काचेच्या कडेला काळा पट्टा असतो, तो नक्षी नाही. पीयूला उन्हापासून तो वाचवतो. पट्टा नसलेली काच कोणी फिक्स जागेत बसवत असेल तर नाही म्हणा. पीयूच्या जागी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावत असेल तरी नाहीच म्हणा. त्याने पत्रा गंजतो आणि काचेची पकडही तेवढी राहत नाही.

१८. नवी काच स्वच्छ आणि जुन्या तीन धुरकट दिसतात. रंग वेगळा आला का?

बहुतेक नाही, बोअरचं पाणी आहे ते. जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवली की क्षारांचा पांढुरका थर बसतो आणि जुनी काच फिकट, मळकट दिसते. एका कोपऱ्यात पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ कापडाने पुसून बघा, लगेच साध्या पाण्याने धुवा. गाडीच्या पत्र्याच्या रंगावर जाऊ देऊ नका. थर निघाल्यावर काचा जुळल्या तर प्रश्न मिटला, नाही जुळल्या तर प्रश्न ८.

१९. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नव्या काचेवर ठिपके किंवा पट्टे दिसतात. माल खराब आहे का?

नाही. काच टफन करताना तापवून तिच्यावर हवेचे झोत मारतात, त्या झोतांच्या खुणा ठरावीक प्रकाशात दिसतात. पोलराइज्ड गॉगल घातला तर जास्तच. जुन्या काचांकडेही त्याच गॉगलने बघा, तिथेही दिसतील.

२०. इन्शुरन्समध्ये मिळते का? की खिशातूनच भरावं?

नुसती थर्ड पार्टी असेल तर मिळत नाही. पूर्ण पॉलिसीत मिळते आणि काचेच्या भागांना घसारा शून्य धरतात, ही जमेची बाजू. पण प्रत्येक क्लेमला सक्तीची कपात असते: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००.

खरा हिशेब बोनसचा. समजा चालू पॉलिसीत ३५ टक्के नो क्लेम बोनस आहे, क्लेम न करता पुढच्या वर्षी तो ४५ झाला असता. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम ८,००० धरला तर क्लेम केल्यावर पुढच्या वर्षीच ३,६०० रुपये जातात आणि बोनसची शिडी पुन्हा खालून चढायची. काचेचं बिल ४,००० असेल तर हातात येणार ३,०००. अशा वेळी स्वतः भरलेलं बरं. बोनस संरक्षणाचं कलम घेतलेलं असेल किंवा काचेसोबत दरवाजाचा पत्राही गेला असेल तर गोष्ट वेगळी. चोरीसाठी काच फोडली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, आणि सर्व्हेयर बघेपर्यंत गाडी तशीच. सर्व्हेयरच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘रिअर डोअर ग्लास’ न लिहिता पार्ट नंबर लिहून घ्या, नाहीतर मंजुरी प्लेन काचेची होते.

२१. मोनोवर लॅमिनेटेड लिहिलं आहे, पण साइड काच तर टफन्ड असते ना?

सहसा असते. काही महागड्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून साइडलाही दोन थरांची लॅमिनेटेड काच देतात. तिच्या जागी टफन्ड बसवली तर रंग जवळपास जुळला तरी कडेला दोन थरांची रेघ नसते, जाडी बदलते आणि हायवेवर त्या एका दारातून वाऱ्याचा आवाज येतो. इथे शोरूमच्या पार्ट नंबरला पर्याय नाही.

२२. दोन्ही बाजूंच्या काचा एकदम फुटल्या. आता जुळवायचं कशाशी?

गारपिटीत किंवा दगडफेकीत असं होतं, आणि लोक घाईत सगळा चुरा झाडून टाकतात. मूठभर दाणे ठेवा. मोनोचा तुकडा सापडला तर सोन्याहून पिवळं, कारण छापलेल्या भागाचे दाणे बरेचदा एकमेकांना चिकटून पडतात. तो नसला तरी चार दाणे पांढऱ्या कागदावर आडवे ठेवून कडेतून बघितले की रंग कळतो आणि व्हर्नियरने जाडीही मिळते. दरवाजाच्या पोटात रबराच्या खाचेत अडकलेली काचेची पट्टी अनेकदा सापडते, तीही चालते. सोबत चेसिस नंबर असेल तर काउंटरवरचा माणूस योग्य काचेपर्यंत पोचतो. दोन्ही काचा एकाच वेळी, एकाच बनवणाऱ्याच्या आणि शक्यतो एकाच तारखेच्या मागवा. मग मूळ रंगाशी उन्नीस-बीस झालं तरी दोन्ही बाजू एकमेकींना सारख्या राहतात.

२३. काच यायला चार दिवस आहेत. तोपर्यंत?

जाड पारदर्शक प्लास्टिक बाहेरून ताणून लावा. ब्राऊन टेप थेट रंगावर चिकटवू नका, दुपारच्या उन्हात तिचा डिंक वितळून पत्र्यावर बसतो. आधी पेंटरची कागदी टेप, तिच्यावर हवी ती टेप. काळं प्लास्टिक नको, मागचं दिसत नाही. तेवढे दिवस त्या दाराच्या काचेचं बटण कोणी दाबणार नाही हे बघा, पोटात दाणे असताना रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) फिरवला तर काचेसोबत तोही घ्यावा लागतो.